हुकावर अडकवलेली दारं

पंधरा वर्षं मी इंग्रज म्हाताऱ्यांची चहाची परीक्षा घेतली आणि त्याचा पगार खाल्ला. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला आमच्या विभागाचं एक लुटुपुटीचं स्वयंपाकघर होतं. नळाला पाणी यायचं, शेगडी पेटायची, पण तिथे कुणी जेवत नव्हतं. पेशंटला तिथे न्यायचं आणि म्हणायचं, चला, मला एक कप चहा करून दाखवा. किटली कितपत भरतात, उकळतं पाणी ओतताना हात थरथरतो का, दूध परत फ्रिजमध्ये जातं का, स्विच आठवणीने बंद होतो का, हे बघून मी फॉर्मवर खुणा करायचे. पास झाले की घरी. नापास झाले की मीटिंग, आणि मीटिंगनंतर बहुतेक वेळा वृद्धांचं होम. माझ्या पदाचं नाव ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पण पुण्याला सासूबाईंना पत्रातून ते समजावता समजावता मी हात टेकले होते. एवढं शिकलेली सून तिकडे लोकांच्या हातचा चहा पिते, एवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं होतं.

खरं म्हणजे तो चहा मी प्यायचेही नाही. आलं नाही, साखर नाही, नुसती पाण्यात बुडवलेली पिशवी. आणि मी माझ्या पद्धतीने आधण ठेवून, दूध घालून चांगला खळखळून उकळला असता, तर त्या फॉर्मप्रमाणे मलाच नापास करावं लागलं असतं. शेगडीवर दूध ठेवून पाठ फिरवते, धोका. हा विनोद मी त्या काळी भेटेल त्याला सांगायचे. आता सांगत नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही साउथहॅम्प्टनला राहायचो. नवरा मोठ्या हॉस्पिटलात रजिस्ट्रार डॉक्टर, आठवड्यातले तीन दिवस ऑन-कॉल, उरलेल्यात कधीमधी बेसिंगस्टोकला लोकम, म्हणजे रजेवरच्या डॉक्टरच्या बदली काम. मुलगी सहा वर्षांची. तिला शाळेत सोडून मी गाडीने शहराबाहेरच्या त्या छोट्या हॉस्पिटलात जायचे आणि सव्वातीनच्या आत तिला परत आणायला धावायचे. मोठं दुःख असं काही नव्हतं. नुसता थकवा होता, लोणच्यासारखा मुरलेला, रविवारी झोपूनही न जाणारा. कामात चुका होत नव्हत्या, पण मी पाट्या टाकत होते, आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

त्या जानेवारीत आमच्याकडे एक आजोबा आले. पोस्ट ऑफिससमोर बर्फावरून घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, आणि आता चालायला शिकवून घरी पाठवायचे होते. वय सत्तरीच्या पुढे. बायको गेलेली, मूलबाळ नाही, कौन्सिलच्या, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेच्या, भाड्याच्या घरात एकटे राहायचे. कागदावर व्यवसाय लिहिला होता, व्यापारी जहाजांवर बॉयलरला कोळसा घालणे. आमच्या बाजूला हे काही विशेष नाही. बंदराचा गाव, दर तिसरा म्हातारा कुठल्या ना कुठल्या जहाजावर काम केलेला. ते सगळ्यांनाच ‘लव्ह’ म्हणायचे, जेवण आणणाऱ्या बाईपासून विभागाच्या मोठ्या डॉक्टरपर्यंत, म्हणजे कन्सल्टंटपर्यंत, त्यामुळे कन्सल्टंट त्यांच्यावर जरा नाराज होते.

खुब्याच्या पेशंटला वाकायची बंदी असते. म्हणून मी त्यांना लांब दांड्याचा चिमटा दिला, टोकाशी पकड असलेला, जमिनीवरची वस्तू उचलायला. तो त्यांनी दोन बोटांनी धरून असा बघितला की जणू मी त्यांना मेलेला उंदीर दिला. शिकून घेतला मात्र, माझं मन राखायला.

चहा त्यांनी उत्तम केला. फक्त कप अर्धाच भरला. मी विचारलं, पूर्ण का नाही? ते म्हणाले, सवय. मी लिहून घेतलं.

वॉर्डमधून तक्रारी वेगळ्या होत्या. झोपवताना नर्स त्यांचे बूट काढून ठेवायची आणि सकाळी बघावं तर बूट पायात, पांघरुणाच्या आत. पँट आणि जर्सीही अंगात. संडासाचं दार ते बंद करायचे नाहीत, काही केल्या नाहीत. समोरच्या बायकांच्या वॉर्डातून बोलणी यायची. सिस्टरने चार्टवर ‘गोंधळलेले’ असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी त्यांना एकदा सरळ विचारलं की दाराचं काय आहे. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. असंच आवडतं, म्हणाले.

मग मी त्यांना घेऊन त्यांच्या घरी गेले. पेशंट स्वतःच्या घरात कसा वावरतो हे घरी सोडायच्या आधी एकदा बघायचं, अशी आमची पद्धत. शेजारणीने मधल्या काळात घर नीट बंद करून ठेवलं होतं. आजोबा वॉकर टेकत आत शिरले आणि कोट काढायच्या आधी एकेक करून सगळी दारं उघडत गेले. प्रत्येक दाराला पितळेचा हुक होता आणि समोर भिंतीत कडी. दार वीतभर उघडं ठेवून हुक कडीत अडकवायचा, मग ते ना मिटतं ना हलतं. झोपायची खोली, न्हाणीघर, स्वयंपाकघर. पुढचं दारसुद्धा. जानेवारीचं वारं सरळ घरातून आरपार वाहत होतं आणि मी हातमोजे घालून पेन धरत होते. पलंगावर चादर नव्हती, नुसती ब्लँकेट्स, पायाकडे बुटांचा मळ लागलेली. पुढच्या दाराशी एक कॅनव्हासची पिशवी भरून ठेवलेली. जर्सी, टॉर्च, मोजे, चॉकलेटची वडी. शेजारीण मला बाजूला घेऊन म्हणाली की गेली कित्येक वर्षं असंच आहे, आम्हाला भीती वाटते एक दिवस हे गारठून मरतील.

मी त्यांना विचारलं, थंडी नाही वाजत?

“याहून जास्त थंडी पाहिलीये, लव्ह,” ते म्हणाले.

रिपोर्ट मी गाडीत बसून लिहिला. घड्याळ अडीचच्या पुढे गेलं होतं आणि मुलीची शाळा डोक्यात होती. थंडीची जाणीव नाही. पुढचं दार उघडं ठेवतात. कपड्याबुटांसकट झोपतात. सामान बांधून तयार ठेवतात, म्हणजे घरातून निघून जाण्याचा धोका. मानसिक गोंधळ असण्याची शक्यता. एकट्याने राहणं सुरक्षित नाही. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी जे पाहिलं ते लिहिलं, आणि चांगलं इंग्रजी लिहिलं.

मीटिंगमध्ये त्यांच्या वाट्याला दहा मिनिटं आली. कन्सल्टंट, सिस्टर, सोशल वर्कर आणि मी. सगळ्यांनी माझा रिपोर्ट वाचला आणि मान हलवली. मग आजोबांना आत बोलावून समजावलं की तुमच्या भल्यासाठीच होममध्ये जाणं बरं. त्यांनी भांडण केलं नाही. सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि माझ्यावर थांबले.

“तू लिहिलंस?”

मी हो म्हटलं. त्यांनी सही केली. घर कौन्सिलला परत गेलं आणि मी पुढची फाइल उघडली.

मार्चमध्ये दुसरे एक आजोबा आले. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, डावा हात अजून धड चालत नव्हता, पण डोकं अगदी तल्लख. हे नेव्हीतले. नेव्हीतला माणूस साठी उलटली तरी ओळखू येतो, त्याची दाढी रोज झालेली असते. यांची खोड अशी की आमच्या खोलीचं दार कुणी उघडं टाकलं की हे हातातला व्यायाम सोडून, काठी टेकत जाऊन ते बंद करून यायचे. नुसतं लोटायचे नाहीत, दाबून बघायचे. एका सकाळी असे तीनदा उठले तेव्हा मला हसू आलं. मी म्हटलं, तुमची आणि माझ्या एका पेशंटची गाठ घालून द्यायला हवी होती, त्यांना एक दार मिटलेलं चालत नव्हतं, घरभर हुक लावले होते. मी ते गंमत म्हणून सांगितलं. त्यांच्या अर्ध्या कप चहाची आणि बूट घालून झोपण्याचीही नक्कल करून दाखवली.

ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, तो माणूस काय करायचा? मी म्हटलं, जहाजावर, पण तुमच्यासारखे नेव्हीत नाही, व्यापारी जहाजावर, बॉयलरवर.

मग ते खुर्चीत बसले आणि मला सांगू लागले. दुसऱ्या महायुद्धात रशियाला रणगाडे, ट्रक, दारूगोळा पोचवायला उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातून जहाजांचे ताफे जायचे. त्याला कॉन्व्हॉय म्हणायचे. मधोमध व्यापारी जहाजं ओळीत, सगळ्यात हळू जहाजाच्या चालीने, आणि भोवतीने राखण करत नेव्हीची जहाजं. हे अशाच एका राखणीच्या जहाजावर होते, एकोणीस वर्षांचे. हिवाळ्यात दिवस उजाडायचाच नाही. लाटेचं पाणी डेकवर पडलं की गोठायचं, आणि ते कुऱ्हाडीने, हातोड्याने फोडून समुद्रात टाकायचं, नाहीतर वरचं वजन वाढून जहाज कलंडणार. चार तास पहारा, चार तास झोप, आणि त्या झोपेतही बर्फ फोडायला हाक. ते म्हणाले की थंडीपेक्षा त्यांना तो थकवा जास्त आठवतो. त्यांच्या जहाजावर दारांचा नियम कडक होता. पोलादी दारं, सदैव आवळून बंद. एका भागात पाणी शिरलं तर तेवढाच भाग जावा, जहाज राहावं. त्या भागात माणूस आहे का हे विचारायचं नाही.

“मर्चंटवाल्यांचं, व्यापारी जहाजांवर, उलट,” ते म्हणाले. “टॉर्पेडो लागला की जहाज पिळवटतं, दाराची चौकट वाकते, आणि मिटलेलं दार मग उघडत नाही. आतला माणूस आतच राहतो. म्हणून केबिनचं दार कायम हुकाला. कपडे अंगात, बूट पायात, पिशवी दाराशी. बॉयलरवाला तर सगळ्यात खाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली. त्याच्याइतकं हे कुणाला माहीत असणार?”

मी अर्ध्या कपाचं विचारलं. ते म्हणाले, डोलणाऱ्या जहाजावर पूर्ण कप कोण भरतो? मग त्यांनी मला विचारलं,

“हे सगळं तुम्ही आजार म्हणून लिहिलंत?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. खाली मान घालून मी त्यांच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडत बसले. जरा वेळाने त्यांनी आपणहून सांगितलं की व्यापारी जहाज बुडालं तरी त्यांना थांबता यायचं नाही, हुकूम होता, थांबलेलं जहाज म्हणजे पाणबुडीला आयतं सावज. पाण्यात लाइफजॅकेटवरचे छोटे लाल दिवे दिसायचे आणि ते शेजारून पुढे जायचे. एवढं बोलून त्यांनी विचारलं की तो बॉयलरवाला आता कुठे आहे. मी होमचं नाव सांगितलं. तुम्हाला तिथे घेऊन जाऊ का, असं मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांची मुलगी त्यांना घेऊन गेली.

त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं. तोही बिचारा चोवीस तास जागून आला होता.

“अगं, रिपोर्ट तू त्या दिवशीच्या फाइंडिंग्जवर लिहिलास,” तो म्हणाला. “हिस्टरी पेशंटनेच दिली नाही, तर तुझी काय मिस्टेक?”

त्याचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं. पण मला आठवत होतं की मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा माझं एक पाऊल दाराबाहेर होतं. उत्तराची वाट बघत बसणारा माणूस वेगळा दिसतो, आणि म्हाताऱ्यांना ते बरोबर कळतं. मला माझीच लाज वाटली. अजूनही वाटते.

मी नवीन रिपोर्ट लिहिला. आधीच्या निरीक्षणांचा अर्थ मी चुकीचा लावला, असं स्पष्ट लिहिलं आणि खाली सही केली. कन्सल्टंट म्हणाले, इंटरेस्टिंग. सोशल वर्करने कौन्सिलला फोन लावला. घर एका तरुण जोडप्याला देऊन झालं होतं, त्यांना बाळ होणार होतं. दुसऱ्या घरासाठी वाट बघणाऱ्यांची काही वर्षांची यादी होती आणि यादीतल्या जागेचा हिशोब माणसाच्या वयाकडे बघून करायचा नसतो.

गुरुवारी मुलीला शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी ठेवून मी होममध्ये गेले. जागा स्वच्छ होती, गरम होती, मेट्रन भली बाई होती. तिची एकच तक्रार होती, दार. आगीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक खोलीचं दार जाड आणि आपोआप मिटणारं. आजोबा त्यात वर्तमानपत्राची घडी घालायचे, सपाता घालायचे, एकदा चमचा. मेट्रन काढून घ्यायची. तिचंही खोटं नव्हतं, आग लागली तर वीस म्हाताऱ्यांचा जीव तिच्या गळ्यात होता. ती म्हणाली की ते खोलीत झोपतच नाहीत. दिवसा बैठकीच्या हॉलमध्ये डुलक्या काढतात, कारण हॉलला दार नाही, आणि तिथे टीव्ही चालू असतो.

आजोबा निम्मे झाले होते. मी त्यांना खोलीत नेऊन बसवलं आणि सांगितलं की मला आता कळलंय, हुकांचं, बुटांचं, पिशवीचं. मी चुकीचं लिहिलं. माफ करा. आणि शेवटी न राहवून विचारलं, तुम्ही मला सांगितलं का नाही?

“सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, घाबरता कशाला,” ते म्हणाले. “मग मी काय सांगणार होतो?”

आमच्या मागे दार हळूहळू मिटलं आणि खट्ट आवाज झाला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चाळीस वर्षांहून जास्त काळ लोटला होता, आणि तो खट्ट त्यांच्या खांद्यांत दिसला. मी उठले, दार उघडलं, खुर्ची उचलून उंबऱ्यावर ठेवली आणि तिच्यात बसले. दार माझ्या पाठीला येऊन टेकलं. मेट्रन आली, बघत उभी राहिली. मी म्हटलं, मी पाचर नाही, मी व्हिजिटर आहे. ती म्हणाली, दारात माणूस बसलाय तोवर मला काही म्हणता येत नाही. आजोबा पलंगावर आडवे झाले, बूट घालूनच, आणि दोन मिनिटांत घोरायला लागले.

तेव्हापासून दर गुरुवारी माझा तो एक तास ठरला. साडेतीन ते साडेचार. आम्ही फार बोलायचो नाही. मी दारात बसायचे, ते झोपायचे. कधी मी मुलीच्या फ्रॉकची शिलाई न्यायचे, कधी सासूबाईंना पत्र लिहायचे. तास झाला की मी त्यांना उठवायचे आणि खुर्ची उचलायचे, आणि पुढच्या गुरुवारपर्यंत ते हॉलमधल्या डुलक्यांवर जगायचे. हे काही प्रायश्चित्त वगैरे नव्हतं. घर मी परत देऊ शकत नव्हते, तास देऊ शकत होते.

मे महिन्यात मुलीला कांजिण्या आल्या. तिच्या मागोमाग नवऱ्याला तापाने धरलं. सात-आठ दिवस मी सलग अशी झोपलेच नाही. त्या गुरुवारी शेजारणीला घरी बसवून मी कशीबशी होममध्ये पोचले, सवयीने खुर्ची दारात लावली, पाय ठणकत होते म्हणून बूट काढून कुठेतरी भिरकावले. आजोबा पलंगावर बसून माझ्याकडे बघत होते. आडवे झाले नाहीत.

“शेवटची कधी झोपलीस?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आठवत नाही, पण तुम्ही झोपा, वेळ जातोय.

“आज पहारा माझा,” ते म्हणाले. “तू झोप.”

मी नको म्हणायला तोंड उघडलं असावं. पुढचं आठवत नाही. पाठीला दार, मान कलती, मी त्या लाकडी खुर्चीत अशी झोपले की गेल्या कित्येक महिन्यांत झोपले नव्हते. जाग आली ती खांद्यावर काठीचं टोक हलकेच लागल्यामुळे. घड्याळात बरोबर साडेचार वाजले होते. आजोबा पलंगाच्या कडेवर ताठ बसले होते, डोळे लाल, नजर माझ्यावरून बाहेरच्या पॅसेजकडे. ते क्षणभरही झोपले नव्हते. आठवड्यातली त्यांची तेवढी एकच झोप होती आणि ती मी घोरत घालवली होती.

“काही घडलं नाही,” त्यांनी सांगितलं, पहारा बदलताना सांगतात तसं.

मी निघायला म्हणून बूट शोधू लागले. ते माझ्या पायांशीच होते. जोडीने, अगदी शेजारी शेजारी, लेस सैल केलेल्या, टोकं दाराबाहेर वळवलेली, नुसते पाय सरकवले की निघता यावं असे. पलंगाला टेकून मी दिलेला चिमटा उभा होता.